आंब्याचा वास लागलेला चहा

“तुम्ही चहाच्या दुकानात होता ना? मग चहा करायचात की विकायचात?” असं विचारणाऱ्या माणसांचा आता मला राग येत नाही, असं लिहिणार होते. पण दिवाळीच्या तोंडावर खोटं कशाला लिहा? येतो.

मी चहा करत नव्हते आणि गल्ल्यावरही क्वचितच बसले. रत्नागिरीच्या बाजारपेठेतल्या एका जुन्या चहाच्या पेढीत मी चहा चाखायचे. आसामकडून, निलगिरीकडून नमुने यायचे. पांढऱ्या कपांची रांग मांडायची, प्रत्येकात सारखी पावडर, वर उकळतं पाणी. मग चमचाभर चहा तोंडात घ्यायचा, तोही आवाज करत, जोरात ओढून, म्हणजे वास घशामागून नाकात चढतो. जिभेला कडक, गोड, तुरट एवढंच कळतं, बाकीचं सगळं नाकाचं काम. कळलं की थुंकायचं आणि पुढचा कप. मग कुठल्या मळ्याचा रंगाला, कुठला कडकपणाला, कुठला वासाला, असं ठरवून मिश्रण बांधायचं. माझ्या सासूबाईंना हे शेवटपर्यंत पटलं नाही. “चार माणसांत फुर्रकन चहा ओढायचा आणि थुंकायचा, आणि त्याचा पगार!” असं म्हणून त्या कपाळाला हात लावायच्या.

या कामासाठी मी काय काय सोडलं ते कोणी विचारत नाही. कामाच्या दिवशी कच्चा कांदा नाही, लसूण नाही, विडा नाही. केसांना वासाचं तेल नाही. गजरा नाही, आणि हे कोकणात, जिथे सुरंगीच्या फुलांचे वळेसर निघाले की बाईमाणसाला राहवत नाही. पेढीचे मालक तात्या तर देवभोळे. त्यांची उदबत्ती मी मागच्या पडवीत नेऊन लावायला लावली होती. देवाला चालेल, चहाला चालणार नाही, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकलं.

कारण चहासारखी वास ओढणारी दुसरी वस्तू नाही. मीठ पाणी ओढतं तसा चहा शेजाऱ्याचा वास ओढतो. दाभोळचे एक गिऱ्हाईक तावातावाने आमच्याकडे आले होते. “तुमच्या चहाला खाडीचा वास येतो! पेढी बुडवायचीय काय?” त्यांच्याबरोबर मी त्यांच्या घरी गेले. फळीवर चहाचा डबा, झाकण पार वाकडं, आणि त्याला खेटून सुक्या बोंबलांची बरणी. मी नुसतं बोट दाखवलं. गृहस्थ म्हणाले, “पण बोंबलाला चहाचा वास नाही लागला तो!”

तर हा जो चहाचा दुर्गुण, त्याचाच गुण करून घेतला की सुवासिक चहा तयार होतो. आणि तो मला मनापासून आवडतो, हेही लिहून ठेवते, नाही तर पुढचं वाचून लोक म्हणतील की बाई सोवळी होती. आलं ठेचून पाण्याबरोबर उकळलेला चहा, पावसाळ्यात सुंठ-मिरी, परसातली गवती चहाची पात कात्रीने कापून सरळ भांड्यात. वेलची अगदी शेवटी, झाकण टाकण्याआधी. जायफळ नखाएवढं; जास्त झालं तर माणूस चहा पिऊन झोपतो आणि चहाचा हेतूच संपतो. हे सगळे वास चहाशी भांडत नाहीत, त्याच्या खांद्यावर हात टाकून उभे राहतात. एका वर्षी मी सुरंगीची फुलं आणि चांगली पत्ती एकावर एक थर देऊन बंद डब्यात ठेवली आणि नंतर फुलं निवडून काढली. तो चहा बिनदुधाचा प्यायला. काय सांगू! आधी काहीच नाही, मग घोट घशाखाली गेल्यावर कोणीतरी मागून वळेसर माळून गेल्यासारखं. तात्यांनी रिकामा कप पुन्हा पुढे केला.

पुढे तात्या थकले आणि त्यांचा मुलगा केदार मुंबईची नोकरी सोडून पेढीवर आला. मुलगा वाईट नव्हता. कष्टाळू होता, मला मावशी म्हणायचा आणि मानायचाही. पण पेढीचा धंदा आटत चालला होता, कंपन्यांची पाकिटं गल्लोगल्ली मिळत होती, आणि बुडणाऱ्या माणसाला काडी दिसते तशा त्याला रोज नवनव्या कल्पना दिसत. त्यातली एक घेऊन तो एका सकाळी माझ्या टेबलापाशी आला.

“मावशी, हापूस चहा!”

“म्हणजे काय?”

“हापूसच्या स्वादाचा चहा. रत्नागिरीत अजून कोणी कसा केला नाही?”

“कारण रत्नागिरीत सगळ्यांना नाक आहे,” मी म्हटलं.

त्याला हसू आलं नाही. गुहागरला समुद्रकाठी मोठं रिसॉर्ट काढलेले एक मोघे म्हणून गृहस्थ होते. प्रत्येक खोलीत ठेवायला, येणाऱ्या पाहुण्यांना भेट द्यायला त्यांना कोकणी स्वादाचे चहा हवे होते. ऑर्डर मोठी आणि दर हंगामाची. ती मिळाली तर पेढी तगेल, नाही तर गाळा भाड्याने देऊन मोकळं व्हायचं, असं केदारने मला शांतपणे सांगितलं. मग मला हसता येईना.

मोघे चाखायला आले ते कोपऱ्यावरचा वडापाव लसणीच्या चटणीसकट खाऊन. वर तोंडात बडीशेप. मी त्यांना आधी चूळ भरायला लावली तेव्हा ते केदारकडे बघून मिश्कील हसले. त्यांच्यापुढे मी सुंठीचा ठेवला, गवती चहाचा ठेवला आणि जपून ठेवलेल्या पत्तीतला सुरंगीचा ठेवला. सुरंगीचा घोट घेऊन ते म्हणाले, “छान आहे. पण पुण्याच्या माणसाला सुरंगी काय माहीत? आंबा माहीत आहे. उघडल्या उघडल्या आंबा नाकावर आपटला पाहिजे.”

“आंबा कधी आपटत नाही,” मी म्हटलं. “तो हळूहळू येतो. देठाकडचा चीक वेगळा, साल वेगळी, गर वेगळा. सुकवला की यातलं निम्मं उडून जातं. चहात घालून उरणार काय?”

“त्यासाठी इसेन्स असतो ना, ताई.”

आणि इसेन्स आला. एक निळा कॅन. मी त्यातला थेंब कागदावर घेऊन हुंगला. लहान मुलांची वासाची खोडरबरं असतात ना, त्यांच्या दुकानात कोणी गोळ्या उकळत बसलंय असा वास! नाकात जो चिकटला तो घरी जाऊन आमटीतसुद्धा आला. केदारला मी दोनच गोष्टी सांगितल्या. करायचाच असेल तर तुझ्या हाताने कर. आणि हा कॅन गोदामात ठेवू नकोस, मागच्या पडवीतल्या लोखंडी कपाटात ठेव.

“मावशी, पॅकबंद आहे तो,” केदार म्हणाला.

“तू ठेव म्हणते ना!”

दुसऱ्या दिवशी मी भाचीच्या लग्नाला खेडला गेले. वैशाखाचे दिवस, लग्नघरी घामाच्या धारा, आणि मी ओळखीच्या प्रत्येक माणसाला “आपल्याकडे चहा कुठल्या दुकानाचा?” विचारत होते. परत आले ती एस. टी. स्टँडवरून थेट पेढीवर. बाजारात आंब्यांच्या पेट्या होत्या, त्यामुळे आंब्याचा वास असणारच. पण पेढीच्या पायरीपाशी तो वास अचानक सपाट झाला. त्यात गवत नाही, चीक नाही, काही नाही. खोडरबर.

पडवीत काम चालू होतं म्हणून केदारने कॅन तात्पुरता गोदामात ठेवला होता. पत्र्याखालच्या उन्हाने कॅन फुगला असेल, नाही तर झाकण आधीच सैल असेल. त्यातून इसेन्स गळून जमिनीवर पसरला होता. आजूबाजूला रोजच्या मिश्रणाची पिंपं आणि नुकत्याच आलेल्या गोणी. मी प्रत्येकातली मूठ काढून हुंगली. प्रत्येकात आंबा. वर्षाच्या बेगमीचा सगळा माल.

वाईट म्हणजे मी नव्हते त्या दिवसांत त्यातलाच माल विकला गेला होता. केदारच्या नाकाला त्या वासाची इतकी सवय झाली होती की त्याला कळलंही नाही. आता फोन सुरू झाले. “आमच्या म्हाताऱ्याला चहातून कोणीतरी औषध घालतंय असं वाटतंय, काय घातलंत?” “दूध बदललं, भांडं बदललं, शेवटी नवऱ्याशी भांडले, आणि निघाला तुमचा चहा!” सगळ्यांत वाईट फोन आमच्या जुन्या गिऱ्हाइकांचा, एका निवृत्त गुरुजींच्या घरून. गुरुजी गेले होते आणि त्यांच्या तेराव्याला शंभरेक माणसांना आमचा चहा दिला गेला. गुरुजींचे भाऊ आवाज न चढवता म्हणाले, “वासंतीताई, लोक विचारत होते, तेरावं आहे की आंबामहोत्सव? मी काय सांगायचं होतं?”

मी माफी मागितली. केदार समोर बसला होता. त्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्यानेही मागितली. मग डोकं धरून गोणीवर बसला. त्याला चार शब्द सुनवायचे म्हणून मी खेडपासून नव्हे, पण पायरीपासून तयारी केली होती. ते सगळे तोंडातच राहिले. माणूस रडायच्या बेतात असला की बोलून समाधान मिळत नाही.

हा माल उन्हात पसरला तर उरलासुरला चहाचा वास उडेल आणि आंबा तेवढा राहील, हे मला माहीत होतं. दुसऱ्या कशात मिसळला तर तेही जाईल. केदारने मोघ्यांना फोन केला: हापूस चहा तयारच आहे म्हणायचा, हवा तेवढा. मोघे म्हणाले, “अहो, आता आम्ही ब्लू टी करतोय. निळा दिसतो, फोटो झकास येतात.” केदारने मला विचारलं, ब्लू टी म्हणजे काय? मी शेजारच्या दगडी गडग्यावरचा निळ्या गोकर्णीचा वेल दाखवला. त्याच्या फुलांचा काढा, त्यात चहाची पत्तीसुद्धा नसते! त्या दिवशी मी पहिल्यांदा तात्यांच्या देवापुढे जाऊन दोन उदबत्त्या लावल्या, की बाबा, या लोकांना बघ.

शेवटी सगळा माल केदारच्या घरच्या माडांच्या आळ्यात टाकायचं ठरलं. गोणी टेम्पोत चढत असताना नलिनीवहिनी आल्या. पावसकडच्या एका जुन्या बागायतदारांच्या घरच्या त्या, वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या. मला वाटलं आणखी एक तक्रार. मी हात जोडूनच पुढे झाले.

“वहिनी, चुकलं हो. पैसे परत देते, चहा बदलून देते.”

“बदलून नको,” वहिनी म्हणाल्या. “तसलाच आणखी हवाय.”

त्यांनी मला बाजूला घेतलं. त्यांचे यजमान, बापू, गेली काही वर्षं विसरत चालले होते. आधी नावं गेली, मग माणसं, आणि अलीकडे बोलणंच गेलं होतं. भरवलं की खात, बसवलं की बसत. परवा वहिनींनी आमचा नासका चहा करून त्यांच्या हातात दिला. बापूंनी कप नाकाशी नेला आणि म्हणाले, “आढी कोणी उघडली?”

आढी म्हणजे गवतात घालून पिकायला ठेवलेले आंबे. पूर्वी बापूंच्या माळ्यावर मोठी आढी असे आणि ती त्यांच्याशिवाय कोणी उघडायची नाही, असा घरात दंडक होता.

“किती महिन्यांनी बोलले गो,” वहिनी म्हणाल्या. “मला ओरडले.” आणि त्या हसल्या.

मी टेम्पोतली एक गोणी उतरवून घेतली.

पण माझा विश्वास बसला नव्हता, हे खरं. म्हणून मी स्वतः बघायला गेले. बापू पडवीत खुर्चीवर बसले होते. त्यांना मी चांगली ओळखत होते. डोळे मिटून आंबा हुंगून तो कुठल्या कलमाचा ते सांगणारा माणूस! एकदा पेढीवर माझ्या शेजारी बसून त्यांनी चहाचे नमुने चाखले होते आणि माझ्याशी हुज्जत घातली होती. त्या माणसासमोर वहिनींनी तो भयंकर चहा ठेवला. त्यांनी वास घेतला, घोटभर प्यायले आणि माळ्याकडे बघत म्हणाले, “खालच्या थरातले आधी काढा. तुम्हाला सांगितलं की कळत नाही काय?”

वहिनी पटकन म्हणाल्या, “काढते हो.”

मला आनंद झाला, आणि त्यापेक्षा जास्त चिडचिड झाली. “वहिनी, हंगाम चालू आहे. खरा आंबा का नाही देत त्यांना?”

“रोज देते. खातात आणि गप्प. मला काय कळतं गो? डॉक्टरही खांदे उडवतात.”

मी हट्टाला पेटले. एवढं आयुष्य वास पारखण्यात गेलं, आणि बापूंसारख्या माणसाला बोलतं करायला खोडरबर लागावं? मी रायवळ आंब्याच्या आणि हापूसच्या साली सुकवल्या, त्यांत आढीचं थोडं गवतसुद्धा ठेवलं, चांगल्या आसाम पत्तीला त्यांचा वास लावला आणि चाखून, पुन्हा चाखून मिश्रण बांधलं. खरं सांगते, उत्तम झालं होतं. कोवळ्या उन्हासारखा आंबा, आणि मागे चहा शाबूत. ते घेऊन मी दिमाखात गेले. बापूंनी एक घोट घेतला आणि कप बाजूला सारला.

“ह्यात आंबा नाय,” ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये ते मिश्रण मी पिशवीच्या तळाशी कोंबलं.

पावसाळा संपता संपता नासक्या गोणीतला वास उतरत गेला. इसेन्स असा उडतोच. वहिनींचा फोन आला, “आज गप्प आहेत. कालही होते.” मी केदारला म्हटलं, “तो इसेन्स कुठे मिळाला होता?”

“मावशी, तुम्ही?”

“हसलास तर नोकरी सोडीन.”

हसला नाही बिचारा. छोटी बाटली मागवून दिली. तोपर्यंत तो स्वतः प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दारात नवा चहा घेऊन जाऊन आला होता. गुरुजींच्या घरी तर आधी गेला. काही गिऱ्हाइकं परतली, काही नाही. अर्धा गाळा भाड्याने द्यावा लागला, अर्ध्यात पेढी राहिली आणि अजून आहे. सुंठीचा आणि गवती चहाचा हात त्याने माझ्याकडून शिकून घेतला, आणि फलकावर ‘हापूस’ हा शब्द पुन्हा लिहिला नाही.

हापूस मागे लागला तो माझ्याच. तो चहा पेढीत करणं शक्य नव्हतं, म्हणून घरी, तेही बाहेर नळाजवळच्या खोपटीत. कपांची रांग मांडली, एकेकात थेंब वाढवत नेला, प्रत्येक कप नेमाने ओढून चाखला आणि थुंकला. जमेना. थेंब बरोबर असूनही बापू कप सारत. शेवटी लक्षात आलं की मी सवयीने चांगली पत्ती वापरतेय. नासलेली गोणी सगळ्यात हलक्या भुकटीची होती. मग तीच भुकटी आणली. एकीकडे कडवट, एकीकडे खोडरबर, आणि मध्ये काहीच नाही! एवढ्या वर्षांत इतकं वाईट मिश्रण मी इतकं मन लावून बांधलं नव्हतं.

बापू प्यायले आणि म्हणाले, “हां.”

मग मी तो चहा करतच राहिले. पेढीतून निवृत्त झाले तरी करत राहिले. रोज काही ते बोलत नसत. कधी गड्यांना रागवत, कधी कुठल्याशा कलमाची चौकशी करत. एकदा वहिनींचा फोन आला. सकाळी चहा घेताना बापू त्यांच्याकडे बघून म्हणाले होते, “तू दमलीस काय? बस जरा.”

“लग्नाला इतकी वर्षं झाली,” वहिनी म्हणाल्या, “कधी म्हणाले नव्हते.”

मी म्हटलं, “पाणी नीट उकळत जा हो.”

गेल्या वर्षी गणपती होऊन गेले आणि बापू गेले. झोपेतच गेले. मी जाऊन आले. तेराव्याचा चहा केदारने पाठवला, साधा, चोख, आणि आधी मला चाखायला लावून. सगळं आवरल्यावर मी खोपटीतला डबा घासला, उन्हात पालथा घातला. बाटलीत थोडा इसेन्स उरला होता. सुटले एकदाची, असं मी मोठ्याने म्हटलंसुद्धा.

महिन्याभराने वहिनींचा फोन आला.

“वासंती, तो चहा संपला गो.”

“वहिनी, आता साधा पाठवते. नव्या पत्तीचा आलाय, फार चांगला आहे.”

“चांगला नको,” त्या म्हणाल्या. “मला तोच लागतो आता. वाईट आहे, हे मला समजत नाही असं वाटतं काय तुला?”

“नाही हो, वहिनी.”

“मग पाठव. आणि हे बघ, गेल्या खेपेला वास जरा कमी पडला होता. लक्ष दे.”

मी बरं म्हटलं, आणि पालथा डबा सुलटा करायला मागे खोपटीत गेले.